वाराबीनची टेकडी

आमच्या धंद्यात खोटं बोलल्याशिवाय डोंगर दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी आयुष्यभर उठावाचे नकाशे केले. तुमच्या शाळेत भूगोलाच्या खोलीत काचेच्या पेटीत हिमालय ठेवलेला असेल, खाली हिरवा, मध्ये तपकिरी, वर पांढराफेक. तो कुणीतरी हातानं केलेला असतो, हे त्या वयात मनात येत नाही. नागपूर आणि आसपासच्या बऱ्याच शाळांपुरता तो 'कुणीतरी' मी होतो. आमचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारी लेखणी घेऊन आले, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले, आणि मलाही त्याच खुर्चीवर बसवायचा त्यांचा बेत होता. पण माझ्या बुडाला भिंगरी. एका जागी अर्धा तास बसवत नाही. महालातल्या आमच्या घराची पुढची खोली मी लगदा आणि पुठ्ठ्यांनी भरून टाकली, तेव्हा वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

रीत साधी आहे. सरकारी नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. एकेक रेषा पुठ्ठ्यावर उतरवायची, कापायची, पुठ्ठे एकावर एक चिकटवायचे. पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर तयार होतो. त्यावर कागदाचा लगदा थापायचा, वाळला की प्लास्टर, मग रंग. खळीत मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं सातपुडा खातात. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. रंगकाम माझी बायको नलिनी करायची, आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

खोटेपणा आहे तो उंचीत. आडवं माप आणि उभं माप एकच धरलं तर अख्खा सातपुडा एका पुठ्ठ्याच्या जाडीत संपतो, बोटाला लागतसुद्धा नाही. म्हणून उभं माप पाचपट घ्यायचं, कधी दहापट. पेटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहायचं. ते कुणी वाचत नाही. एका हेडमास्तरांनी माझा सातपुडा परत पाठवला होता, कारण शेजारच्या शाळेचा सातपुडा त्यांच्यापेक्षा उंच निघाला. आणि एका धरणाच्या समारंभासाठी नमुना केला, तेव्हा मोठ्या साहेबांनी सांगितलं की पाणी निळंशार दाखवा, खाली जाणारी गावं दाखवू नका. मी दाखवली नाहीत. चिडचिड मात्र महिनाभर केली, आणि ती नलिनीनं सोसली.

यमुनाबाई आल्या त्या सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाला. पोळा नुकताच झाला होता. नऊवारी, हातात पिशवी, काखेत कागदाची गुंडाळी, आणि दारातूनच प्रश्न.

"नकाशेवाला भाऊ तूच का गा?"

"हो. या, बसा."

"बसाले नाही आली. मले एक गाव करून पायजे."

"कुठलं गाव?"

"आस्ट्रेलियातलं."

मी लगद्याचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिलो. अमरावती रोडवर बाजारगावच्या पलीकडे त्यांचं गाव. नवरा लवकर गेला, तेव्हापासून संत्र्याची बाग आणि कपाशी त्या स्वतः पाहायच्या. एकुलती एक मुलगी शालू. जावई डॉक्टर, आणि त्याला तिकडच्या एका खेड्यावजा गावात नोकरी मिळाली होती. त्या गावाचं नाव वाराबीन.

"फोटो नाही पाठवले?" मी विचारलं.

"पाठवले ना. फोटोत निरे दात दिसते सगळ्याइचे. जमीन कुठी दिसते?" त्यांनी गुंडाळी माझ्यापुढे टाकली. "मी पोरगी दिली तवा पोट्टा पाहाला, घर पाहालं, शीव पाहाली, विहिरीचं पाणी चाखून पाहालं. आता थे तिसऱ्याच गावात जाऊन बसली. थे गाव मी काहून नाही पाहाचं?"

खरी गोष्ट हळूहळू नलिनीला कळली, मला नाही. शालूला दिवस गेले होते. त्याआधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून जावयानं या खेपेला प्रवासाला सक्त मनाई केली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. ते होणार नसेल तर माहेरानं तिकडे जायचं, असं शालूचं म्हणणं. आईचे कागदपत्र झाले होते, तिकीटही येऊन पडलं होतं. यमुनाबाईंचं मन मात्र घेत नव्हतं. पोरगी तिथे नीट बाळंत होईल की तिला सांभाळून इकडे आणावी, हे यमुनाबाई गाव पाहून ठरवणार होत्या. आणि गाव करणारा मी.

गुंडाळीत त्या गावच्या कचेरीनं छापलेला उंचीच्या रेषांचा नकाशा होता. सोबत एक पुस्तिका, गावाला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेली. दर बाजाराच्या दिवशी यमुनाबाई यायच्या, उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, आणि नलिनी रंग कालवता कालवता पुस्तिकेतलं त्यांना मराठीत सांगायची.

वाराबीनला एक नदी आहे, पण ती वर्षातले थोडे महिनेच वाहते. ती ओलांडायच्या उथळ जागी लोकरीच्या बैलगाड्या थांबायच्या, म्हणून तिथे एक खाणावळ आली. खाणावळीमागच्या टेकडीत सोनं सापडलं. मग तंबू आले, माणसं आली, सगळी टेकडी उकरून झाली. सोनं संपलं तशी माणसं गेली, खड्डे राहिले. राहिलेल्यांनी गहू पेरला, मेंढ्या पाळल्या. गव्हासाठी आगगाडी आली, स्टेशनाजवळ गव्हाचे उंच कोठे उभे राहिले. एकदा नदी अशी फुगली की खालचा दवाखाना वाहून गेला, तेव्हा तो टेकडीवर नेऊन बांधला. पुढे माणसांची गाडी बंद झाली. आता आठवड्यातून एकदा मालगाडी येते. एक चर्च, दोन हॉटेलं, एक बँक, आणि रस्त्याच्या दुतर्फा निलगिरीची झाडं.

"सोनं सापडलं अन् नदीले पाणी नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "असं कसं गाव वं बाई?"

"आणि खाणावळीच्या आधी?" मी विचारलं. मला हा प्रश्न नेहमी छळतो. कुठल्याही जागेचा इतिहास कुणाच्या तरी गाडीच्या चाकापासून सुरू होतो आणि त्याआधी जणू माणूसच नव्हता.

नलिनीनं पान उलटलं. "एकच ओळ आहे. मूळ लोक नदीच्या वळणाकडे राहायला गेले."

"स्वतःहून गेले?" यमुनाबाईंनी विचारलं. पुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं.

घटस्थापनेच्या आसपास गाव तयार झालं. माझ्या हातून झालेल्या देखण्या कामांपैकी ते एक, हे मी आजही म्हणेन. नदीत काचेचा चुरा आणि वार्निश, कोठे पत्र्याचे, निलगिरीची झाडं नलिनीनं अशी रंगवली की वास यावा. नदीकाठी डॉक्टरचं घर, टेकडीवर दवाखाना. सपाट गाव सपाटच राहिलं असतं, म्हणून उभं माप नेहमीसारखं पाचपट धरलं. टेकडी झोकदार उठली होती. मी यमुनाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो. तोंडभर शाबासकी मिळेल, अशी माझी खात्री होती.

त्यांनी डॉक्टरच्या घरावर बोट ठेवलं. तिथून बोट हळूहळू टेकडीवर नेलं. वर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला.

"दवाखाना इथं?"

"हो, टेकडीवर."

"दिवस भरलेली पोट्टी हा पहाड चढून जाईन?"

"मोटार आहे की जावयांची."

"मोटर दवाखान्यात राहीन अन् पोट्टी घरी." त्यांनी पदर कमरेला खोचला. "नाही जमत. मी तिले इकडं बोलावतो. लगोलग."

आणि त्या गेल्या. मी दारात उभा राहून रागावलो, कारण माझ्या कामाबद्दल अवाक्षर न काढता बाई निघून गेली होती. नलिनी ब्रश धूत होती. तिनं मागे न वळता विचारलं, "टेकडी पाचपट आहे, हे त्यांना सांगितलंत का?"

"कोपऱ्यात लिहिलंय."

"कोपऱ्यात लिहिलंय!" ती वळली. "अहो, ती पोरगी आता सातव्या महिन्यात विमानात बसेल. आधीचं एक गेलंय तिचं. तुमच्या त्या कोपऱ्यासाठी?"

त्या दिवशी मी जेवलो की नाही, आठवत नाही. खोलीत येरझाऱ्या घालत होतो. शाळांना दिलेले सगळे डोंगर एकेक करून समोर उभे राहत होते. मुलांनी ते पाहून काय गैरसमज करून घेतले असतील याची मला कधी फिकीर वाटली नव्हती. परीक्षेत कुणी डोंगर चढायला सांगत नाही. इथे एक बाई माझं गाव खरं मानून निर्णय घेत होती, आणि तो निर्णय एका गर्भारशीला समुद्रापार ओढून आणणार होता.

सकाळी पहिली एसटी पकडली. यमुनाबाई बागेत होत्या. मी धापा टाकत म्हटलं, "मावशी, ती टेकडी खोटी आहे. तार करू नका."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खोटी हाय तं केली काहून मंग?"

"आमची पद्धतच आहे ती. उंची वाढवून दाखवतो, नाहीतर दिसत नाही."

"काल लोग खरी होती, आज खोटी झाली. जावयानं काही निरोप धाडला का तुले?"

"मावशी, तुमच्या जावयांना मी ओळखतसुद्धा नाही."

"तू आपल्या हातानं केली अन् आता तूच नाही म्हणून राहिला. मी कोनाचं ऐकाचं? कालच्या भाऊचं का आजच्या?" त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "माह्या पोट्टीचा प्रश्न हाय गा. शाळेचे गुरुजी उद्या काटोलले जाते, त्याइच्या हातानं तार देतो."

मी आजूबाजूला पाहिलं. बागेच्या मागे एक बरडी होती, खडकाळ टेकाड, वर पळसाची झाडं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात वरून गाईचं हंबरणं आलं आणि यमुनाबाई बोलता बोलताच चढायला लागल्या. मीही मागे गेलो. मी तीनदा थांबलो. त्या एकदाही थांबल्या नाहीत.

"रोज चढता?" मी वर पोचल्यावर विचारलं.

"दोन टाइम. वर गोठा हाय ना."

तिथेच मला सुचलं. मी म्हटलं, "मावशी, चार दिवस द्या. चार दिवसांनी तार करा, मी काही बोलणार नाही."

त्या तयार झाल्या, का ते मला आजही माहीत नाही. बहुतेक मी फारच दमलेला दिसत असेन.

नागपुरात एका ओळखीच्या माणसाकडून त्या भागाचा सरकारी नकाशा मिळवला. मग मी आणि नलिनीनं यमुनाबाईंचं गाव करायला घेतलं. वाराबीनच्याच मापानं, आडवं तेच, उभं पाचपट. लगदा वाळायला वेळ नव्हता. नलिनीनं शेगडी पेटवून जवळ ठेवली आणि टेबलफॅन लावला. शेतातून मी रुमालात बांधून आणलेली काळी माती तिनं खळीत कालवून वरून लावली. चौथ्या दिवशी दोन्ही गावं दोरीनं बांधून मी एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "हे काय हाय?" मी म्हटलं, "दोन गावं." त्यानं पुढे विचारलं नाही. नागपूरचा कंडक्टर असल्या माणसांना ओळखतो.

यमुनाबाईंनी आपलं गाव पाहिलं आणि आधी विहीर शोधली. मग वडाचं झाड, मग मारुती. मग त्यांची नजर बागेमागे गेली. तिथे बरडी अशी उभी होती की वर ढग लावायचे तेवढे राहिले होते.

"हे माही बरडी?" त्या हसायलाच लागल्या. "बाप्पा! याच्यावर तं वाघ राहीन!"

"तीच आहे. पाचपट."

हसू थांबलं. त्यांनी दोन्ही गावं ओट्यावर शेजारी शेजारी मांडायला लावली. एक हात आपल्या बरडीवर ठेवला, दुसरा वाराबीनच्या टेकडीवर. तो हात अर्ध्याहूनही खाली होता. 

"शालूच्या टायमाले मी दिवस भरले तरी हे बरडी चढत होती," त्या म्हणाल्या. "डोक्यावर वैरण घेऊन." मग आवाज बदलून, "गुरुजीले सांगतो. तार करा म्हणा, मी येऊन राहिली."

 मी तिथेच ओट्यावर बसलो आणि त्यांनी माझ्या हातात ताकाचा पेला दिला.

दिवाळी झाली आणि त्या गेल्या. आपलं गाव सोबत घेऊन गेल्या, शालूला दाखवायला. वाराबीन माझ्याकडेच राहिलं. त्या टेकडीकडे पाहिलं की माझ्या अंगावर काटा यायचा. एक दिवस मी कानस घेतली आणि ती तासायला लागलो. तासून तासून खऱ्या मापाला आणली. काम संपलं तेव्हा गाव पोळपाटाइतकं सपाट झालं होतं, आणि मला मोठं समाधान वाटलं. माझ्या हातून झालेलं ते एकच खरं गाव. येणारी गिऱ्हाइकं विचारायची, हे अर्धवट का ठेवलंय? मी त्यांना खऱ्या मापावर व्याख्यान द्यायचो. नलिनी आत जाऊन चहा टाकायची.

दीड-एक वर्षानं, होळीनंतर, यमुनाबाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या. या खेपेला न सांगता बसल्या. शालूला मुलगी झाली होती, दोघी खुशाल. नलिनीनं फोटो हातात घेतला, आणि यमुनाबाईंनी आधी तक्रार केली.

"माहं गाव त्याइनं विमानतळावरच धरलं. माती हाय म्हणे. तिकडं दुसऱ्या देशाची माती नेता येत नाही. साहेबानं हातमोजे घातले अन् माही सारी काळी माती खरवडून घेतली. गोरंपान करून वापस दिलं."

आम्ही दोघं हसलो. मला माती आणताना हे कुठून माहीत असणार? मग त्या म्हणाल्या, "माहं थे दुसरं गाव दाखव."

मी अभिमानानं फळीवरून वाराबीन काढलं. त्यांनी पाहिलं. नदी पाहिली, कोठे पाहिले, घर पाहिलं.

"टेकडी कुठी गेली?"

"खरी केली मावशी. एक पट. जशी आहे तशी."

"अशी नाही हाय." त्या एकदम अस्वस्थ झाल्या. "तू कुठी गेला होता पाहाले? मी चढली थे."

मग त्यांनी सांगितलं. तिकडे गव्हाची कापणी चालू होती. आपल्या मे महिन्यासारखा वारा. शेतात यंत्रात कुणाचा तरी हात सापडला म्हणून जावई आणि दवाखान्याची गाडी दोन्ही दूर गेले होते. शेजारीपाजारी सगळे कापणीवर. भरदुपारी शालूच्या पोटात कळा सुरू झाल्या. शालूच म्हणाली, आई, दवाखाना हा काय समोर, चालत जाऊ. निघाल्या. अर्ध्यावर तिला पाऊल उचलवेना.

"मी गेल्याबरोबर पहिल्याच दिवशी थे टेकडी चढून पाहाली होती," यमुनाबाई म्हणाल्या. "चढ लागलाच नाही. जावयाले विचारलं, टेकडी कुठी हाय? तं म्हणते, आई, आपण टेकडीवरच उभे आहोत. तवा मी तुह्यावर हसली होती. पण त्या दिवशी..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पोट्टी माह्या अंगावर सारी रेलली. मी तिकडची भाषा काय बोलू? कोनाले हाक मारू? रस्त्याच्या कडंले झाडाखाली एक म्हातारी बसली होती. काळी, माह्याहून म्हातारी. नदीच्या वळणावर राहते थे. तिनं काही विचारलं नाही. उठली अन् शालूचा दुसरा हात धरला. दोघीइनं मिळून वर नेली. लेकरू अर्ध्या घंट्यात झालं."

नलिनी रडत होती. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो.

"पहिले जशी होती तशी कर," यमुनाबाई म्हणाल्या. "खोटी नव्हती गा तुही टेकडी."

"आज?"

"मंग? मी बसली आहो."

नलिनीनं लगदा भिजवला. मी आधी नदीच्या वळणावर एक झोपडं केलं, कारण त्यांनी ते आधी करायला लावलं. पुस्तिकेत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "पुस्तकात नाही म्हून माणसं नाही का?" मग टेकडी. मी लगदा थापायचो आणि विचारायचो, "एवढी?" त्या तळहात टेकडीवर धरायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आणखी." पुन्हा थापायचो. "आणखी." पुठ्ठ्याचा आधार संपला, लगदा घसरायला लागला, मी आत खिळे ठोकून तो धरला. शेवटी त्यांचा हात थांबला.

"बस. एवढी होती."

त्या गेल्यावर मी सवयीनं पट्टी लावून पाहिली. टेकडी माझ्या जुन्या पाचपटीच्याही वर गेली होती. मी ती तशीच ठेवली आहे.